रात्रपाळीची प्रार्थना

बाळा, चाकणला रुजू होतोयस. आपल्या या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारच्या उपासनेवरच सगळा भरवसा ठेवलास, तर महिनेच्या महिने प्रभुभोजनाविना जातील आणि आतून कोरडा पडशील. म्हणून गुरुवारी संध्याकाळी आपल्या दोन-तीन घरांना गोळा कर, ‘उपासना संगीत’ उघडा, चार गीतं म्हणा. रविवार मोकळा मिळाला की मात्र चर्च सोडू नकोस.

बाकीचे दिवस तुझे तुला भरायचे आहेत. पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना करीन, असं ठरवू नकोस. पहिल्या पाळीला ते जमतं, रात्रपाळी लागली की मोडतं. एकदा मोडलं की अपराधी वाटतं आणि मग बायबल उघडायलाच नको वाटतं. किती चांगली पोरं अशी गळालेली मी पाहिलीत. प्रार्थना घड्याळाला न बांधता पाळीला बांध. बसमध्ये बसलास की वाचन, मशीन सुरू करताना एक वाक्य, घरी येऊन आंघोळ झाली की उपकारस्तुती. पाळी बदलली तरी हा क्रम बदलत नाही.

बससाठी स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रं घे. यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू ती म्हणत, असं मानतात. 132वं सोडलं तर सगळी आखूड आहेत. रात्रपाळीला 130 आणि 134 मुद्दाम वाच. एकात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत, दुसऱ्यात रात्रीचे परमेश्वराच्या घरात उभे राहणारे सेवक. रात्री तीनला लाइनवर उभा असशील, तेव्हा ती दोन्ही तुझीच वाटतील. पाठच कर, कारण बऱ्याच ठिकाणी मोबाइल आत नेऊ देत नाहीत.

देवाशी बोलताना पाळकांची भाषा आणू नकोस. घरी आईशी बोलतोस तसं बोल. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून गायली. तुकोबांवर त्यांचा फार जीव. तुकोबांचं देहू तुझ्या खोलीपासून किती जवळ आहे बघ. पालखी आकुर्डीला मुक्कामी येते तेव्हा दार लावून बसू नकोस, वारकऱ्यांना पाणी दे. खंडेनवमीला सगळ्यांबरोबर तूही मशीन मनापासून पुसून घे. पूजेच्या वेळी काय करायचं ते प्रभूला विचारून तुझं तू ठरव, पण तोंड वाकडं करून बाजूला उभा राहू नकोस.

आणि विश्वासात या म्हणून खोलीतल्या पोरांच्या मागे लागू नकोस. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, लक्ष्मीबाईंचा 1900चा. एवढ्या मोठ्या भक्तालाही स्वतःच्या बायकोसाठी पाच वर्षं थांबावं लागलं, आणि लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाच, म्हणजे कळेल. तू फक्त त्या पोरांची नावं घेऊन रोज प्रार्थना कर. कुणाचं कंत्राट संपत आलंय, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे त्यासाठी माहीत करून घ्यावं लागतं. त्यातूनच माया लागते.

कामातही प्रभू दिसायला हवा. पौल तंबू शिवून पोट भरत होता. माप चुकलेला पीस चांगल्यांत ढकलायचा मोह होईल, विशेषतः टार्गेट राहिलेलं असताना. सुपरवायझर ओरडला तरी तो बाजूला काढ. घरी येऊन प्रार्थनेला बसताना मन मोकळं राहतं ते अशानेच.

डबल ड्युटी करून येशील त्या दिवशी यातलं काहीच जमणार नाही. 1 राजे 19 मध्ये एलीया थकून, मरण मागत झाडाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. तूही त्या दिवशी नुसती प्रभूची प्रार्थना म्हण, पोटभर जेव आणि झोप.