समुद्राचा ताप मोजणारी नोकरी

‘समुद्रविज्ञान घेतलं तर पोरगी बोटीवरच राहणार का हो?’ हा प्रश्न आईवडील हमखास विचारतात. नाही. तिचा बहुतेक वेळ संगणकासमोर जाईल. समुद्रात भटकायला बोये आहेत.

बोया म्हणजे मोठ्या कलिंगडाएवढा प्लास्टिकचा गोळा, तळाशी तापमापक, आणि खाली दोरीला बांधलेला, भोकं पाडलेला लांब कापडी मोजा. हा मोजा साधारण 15 मीटर खोलीवर पाणी धरून ठेवतो, म्हणून बोया वाऱ्याबरोबर न जाता प्रवाहाबरोबर जातो. आपलं ठिकाण आणि पाण्याचं तापमान तो उपग्रहामार्फत कळवत राहतो. जगभर असे 1,250 बोये तरंगते ठेवायचं उद्दिष्ट 2005 मध्ये गाठलं गेलं. उपग्रह असताना हे कशाला? पावसाळ्यात अरबी समुद्रावर ढग दाटले की अवरक्त किरणांनी पाहणाऱ्या उपग्रहाला पाणी दिसतच नाही. शिवाय त्याचे आकडे ताडून पाहायला पाण्यातला साक्षीदार लागतोच.

खरं काम इथून पुढे. मोजा तुटला की बोया वाऱ्यावर पळू लागतो, आणि तो वेग प्रवाहाचा म्हणून खपून जाऊ शकतो. एखादा बोया अचानक सरळ रेषेत बंदराकडे निघतो, तापमान दुपारी चढतं, रात्री उतरतं. कुणीतरी तो उचलून बोटीवर ठेवलाय! हे ओळखणारी नजर हवी, आणि तिच्यामागे गणित, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग. नुसती समुद्राची आवड असेल तर गणपतीपुळ्याला जाऊन यावं.

म्हणून बारावीला गणित-भौतिकशास्त्र सोडू नका. बी.एस्सी.नंतर गोवा विद्यापीठात किंवा कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात पुढचं शिक्षण आहे, संशोधनासाठी सीएसआयआर-नेट परीक्षा. इंजिनिअरांनाही वाव आहे, बोया कुणीतरी बनवावाही लागतो. काम मिळतं ते दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत किंवा मच्छीमारांना मासळीचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये.

नोकरीचं स्पष्ट सांगतो: कायम जागा मोजक्या, सुरुवात बहुधा प्रकल्पावरच्या कंत्राटी कामाने. पण आकडे साफ करायची ही विद्या विमा कंपनीतही चालते.

बोयांची माहिती मोफत मिळते. फॉर्म भरण्याआधी सुट्टीत मुलीला अरबी समुद्रातल्या एकाच बोयाची वाट नकाशावर काढायला सांगा. पायथॉन येत नसेल तर एक्सेलमध्ये.