पुढे जाण्यास योग्य : जंगलवाटेवरच्या पहिल्या अल्ट्रामॅरेथॉनचा पाठ



शाळेत क्रीडा महोत्सव जवळ आला की धावण्यावर एखादा पाठ घ्यावासा वाटतो. १०० मीटर, ४०० मीटर, रिले हे मुलांना माहीत असतं. मॅरेथॉनचं नावही त्यांनी ऐकलेलं असतं. आज आपण त्याच्याही पुढची शर्यत समजून घेऊ. इयत्ता पाचवी ते आठवीच्या वर्गात गणित, विज्ञान आणि शारीरिक शिक्षण असे तीन विषय एकत्र आणणारा हा पाठ आहे. आणि खरं सांगायचं तर, मुलांपेक्षा आपण मोठ्यांनीच तो आधी वाचावा असं मला वाटतं.

१. अल्ट्रामॅरेथॉन म्हणजे काय?

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्याहून लांब कोणतीही धावण्याची शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. ५० किमी, १०० किमी आणि १०० मैल ही त्यातली नेहमीची अंतरं. काही शर्यती डांबरी रस्त्यावर होतात, काही जंगलातून, डोंगरातून, पायवाटेने. पायवाटेवर दगड असतात, मुळं असतात, ओढे असतात, निसरडा उतार असतो. रस्त्यावर दहा किलोमीटरला लागणारा वेळ जंगलात सहज दुप्पट होऊ शकतो. म्हणून तिथे किती वेगाने धावलात यापेक्षा किती वेळ चालत राहू शकलात हे महत्त्वाचं ठरतं.

२. घोड्यांची शर्यत आणि माणसाचे पाय

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची पर्वतरांग आहे. तिथे १९५५ पासून घोडेस्वारांची एक शर्यत होते. पाइनचं जंगल, उघडे खडक आणि खोल दऱ्या ओलांडत शंभर मैलांची वाट एका दिवसात, म्हणजे २४ तासांच्या आत पार करून ऑबर्न या गावी पोहोचायचं. ही शर्यत 'टेविस कप' म्हणून ओळखली जाते.

गॉर्डी एन्सली नावाचा तरुण यात घोड्यावर बसून भाग घ्यायचा. १९७३ मध्ये त्याचा घोडा वाटेत लंगडायला लागला आणि त्याला शर्यत सोडावी लागली. पुढच्या वर्षी घोड्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. शर्यतीचं काम पाहणाऱ्या ड्रुसिला बार्नर यांनी त्याला प्रोत्साहन दिलं की तू पायीच का धावत नाहीस? या बार्नर बाई म्हणजे टेविस कप जिंकणारी पहिली महिला. १९७४ च्या ऑगस्टमध्ये गॉर्डी घोड्यांच्या बरोबरीने सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला आणि २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोहोचला.

ही वाट पायी पार करणारा तो पहिलाच नव्हता, हेही मुलांना सांगा. १९७२ मध्ये सैनिकांची एक तुकडी ही वाट पायी चालली होती आणि त्यातल्या सात जणांनी ती पूर्ण केली होती, पण त्यांना जवळपास दोन दिवस लागले होते. एका दिवसाच्या आत पायी पोहोचणारा मात्र गॉर्डी पहिला. १९७५ मध्ये आणखी एक धावपटू उतरला आणि शेवट अगदी जवळ आला असताना थांबला. १९७६ मध्ये केन शर्क याने २४ तासांहून थोड्या जास्त वेळात वाट पूर्ण केली. १९७७ पासून धावपटूंची शर्यत सुरू झाली. तीच आजची 'वेस्टर्न स्टेट्स'. शंभर मैलांच्या जंगलवाटेच्या शर्यतींची सुरुवात साधारणपणे इथूनच मानतात.

३. थोडी आकडेमोड

हा भाग वर्गात फळ्यावर करून घ्या.

- १ मैल = १.६०९ किमी. म्हणून १०० मैल = सुमारे १६१ किमी.
- वेळ २३ तास ४२ मिनिटे = २३.७ तास.
- सरासरी वेग = १६१ ÷ २३.७ = ताशी सुमारे ६.८ किमी.

इथे मुलं चकित होतात. "सर, एवढाच?" असा प्रश्न येतोच. आपण भराभर चाललो तर ताशी पाच-साडेपाच किलोमीटर होतात. म्हणजे इतिहास घडवणाऱ्या माणसाचा सरासरी वेग झपाझप चालण्यापेक्षा थोडासाच जास्त होता! मग अवघड काय होतं? पुढचे आकडे लिहा. या वाटेवर एकूण चढ सुमारे १८,००० फूट, म्हणजे जवळपास ५,५०० मीटर. उतार सुमारे २३,००० फूट, म्हणजे ७,००० मीटर. आपल्या कळसूबाई शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर. त्याच्या तिपटीहून जास्त चढ आणि चौपटीहून जास्त उतार, तोही एका दिवसात, दऱ्यांमधल्या तापलेल्या हवेत आणि मग रात्रीच्या अंधारात.

४. शरीरात काय घडतं?

अ) इंधन. सपाट जमिनीवर धावताना साधारण हिशेब असा की दर किलो वजनाला, दर किलोमीटरला १ किलोकॅलरी ऊर्जा लागते. ६० किलोच्या माणसाला १६१ किमीसाठी ६० × १६१ = ९,६६० किलोकॅलरी. यात चढ धरलेलाच नाही. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर (ग्लायकोजेन) साधारण २,००० किलोकॅलरी देते. चरबीचा साठा भरपूर असतो, पण ती सावकाश वापरली जाते. म्हणून लांब पल्ल्याचा धावपटू वाटेत खात राहतो. भूक लागायची वाट पाहत नाही.

आ) पाणी आणि मीठ. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होतं. घामाबरोबर मीठही जातं. पाणी कमी पडलं तर त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण तासन्‌तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

इ) उतार. चढाला दम लागतो, पण पाय मोडतात ते उताराला. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन तोलून धरतो. अशा कामात त्याच्या तंतूंना जास्त इजा होते. गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आपण "आई गं" म्हणतो, त्याचं कारण हेच.

५. थांबा : पाठाचा गाभा

आता मुख्य मुद्दा. टेविस कपमध्ये वाटेत ठरलेल्या ठिकाणी घोड्याला थांबावं लागतं. पशुवैद्य त्याची नाडी मोजतात. ती ठरलेल्या आकड्यापर्यंत खाली आली नाही तर पुढे सोडत नाहीत. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती पटकन जागेवर गेली नाही तर शरीरात पाणी कमी झालंय. घोड्याला थोडं पळवून लंगडतो का ते पाहतात. मगच निर्णय होतो : पुढे जाण्यास योग्य, किंवा नाही.

आणि हे लक्षात घ्या. शेवटची रेषा ओलांडल्यावरही घोडा तपासला जातो. तो अजून पुढे चालू शकेल अशा स्थितीत नसेल, तर त्याची शर्यत पूर्ण झाली असं धरतच नाहीत! शिवाय पहिल्या दहा घोड्यांमध्ये ज्याची प्रकृती सर्वांत चांगली, त्याला 'हॅगिन कप' नावाचा वेगळा सन्मान मिळतो.

१९७७ मध्ये धावपटूंची शर्यत सुरू झाली, तेव्हा त्यांची तपासणी घोड्यांच्याच थांब्यांवर झाली. आजही जंगलातल्या अल्ट्रामॅरेथॉन या थांब्यांच्या आधाराने चालतात. थांब्यावर पाणी, खाणं, मदतनीस आणि वैद्यकीय लोक असतात. प्रत्येक थांब्याची वेळमर्यादा असते. वेळेत न पोहोचणाऱ्याला तिथेच थांबवतात. ही शिक्षा नाही. अंधारात, दमलेल्या अवस्थेत, एकटा माणूस दरीत अडकू नये म्हणून केलेली ती सोय आहे.

६. सोय अपुरी पडली तर

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगराळ वाटेवर १०० किलोमीटरची शर्यत झाली. १७२ जण धावत होते. अचानक हवामान बिघडलं. जोराचा वारा, गारा, गोठवणारा पाऊस. बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. उंचावरच्या त्या टप्प्यात ना निवारा होता, ना लवकर खाली उतरायची सोय. शरीराचं तापमान उतरून २१ धावपटू मरण पावले. तिथल्या एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवलं. मेलेल्यांमध्ये देशातले नावाजलेले धावपटू होते. म्हणजे प्रश्न जिद्दीचा नव्हता. जिद्द त्यांच्याकडे भरपूर होती.

७. आपल्या मैदानावर

आता जरा आपल्याकडे बघू. काही वर्षांपूर्वी एका तालुकास्तरीय स्पर्धेत मी पाहिलेला प्रसंग आहे. नववीच्या मुलींची ३,००० मीटर धावण्याची शर्यत सकाळी नऊला ठरली होती, ती सुरू झाली साडेबाराला. उन्हाचा कडाका. एक मुलगी सकाळी चहा-बिस्किटावर आलेली. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या तेव्हा ती झोकांड्या खायला लागली. मैदानाभोवती सगळे ओरडत होते, "सोडू नकोस! पळ! दोनच फेऱ्या!" दुसऱ्या शाळेचे एक क्रीडाशिक्षक सरळ आत गेले, तिचा हात धरला, लिंबाच्या सावलीत बसवलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं आणि शुद्धीवर असल्याची खात्री करून मीठ-साखरेचं पाणी घोटघोट दिलं. मुलीचे वडील चिडले, "दोनच फेऱ्या राहिल्या होत्या, सर!" सर शांतपणे म्हणाले, "दादा, ती पुढच्या वर्षीपण पळायला पाहिजे ना?"

पुढच्या वर्षी ती पळाली. चौथी आली.

त्या दिवशी ओरडणाऱ्यांमध्ये वाईट माणूस कोणीच नव्हता. सगळ्यांना तिचं भलंच हवं होतं. पण "पुढे जाण्यास योग्य आहे का?" हे बघणारा एकच माणूस होता. अभ्यासातही हेच घडतं. शिष्यवृत्ती परीक्षेपासून दहावीपर्यंत आपण मुलांना "थोडंच राहिलंय" म्हणत पळवतो. निकाल लागतो, पेढे वाटतो. पण त्यानंतर मुलाला पुस्तक हातात घ्यावंसं वाटतं का, हे कोण तपासतं? घोड्याला लावलेला नियम आपल्या लेकरांनाही लावायला काय हरकत आहे? शेवटाला पोहोचल्यावरही त्याला पुढे चालता आलं पाहिजे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदी आपण भरतो, त्यांचा खरा अर्थ हाच आहे. वाटेतला थांबा मूल कुठे कमी पडलं हे लिहिण्यासाठी तर असतोच, पण त्याला पाणी द्यायलाही असतो.

८. स्वतः उतरणार असाल तर

आपल्यातले बरेच शिक्षक आणि पालक आता धावायला लागले आहेत. पुणे जिल्ह्यात सिंहगड, राजगड आणि तोरणा या गडांच्या वाटांवरही अशी शर्यत होते. ज्यांना पहिल्यांदा जायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात :

- आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. सराव हळूहळू, काही महिने वाढवा.
- रस्त्यावरच्या सरावावर विसंबू नका. दर आठवड्याला एखादी टेकडी, चढ आणि उतार दोन्ही.
- तीव्र चढ चालत चढा. अनुभवी धावपटूही चालतातच, त्यात कमीपणा नाही.
- सुरुवातीपासून थोडं थोडं खा. राजगिरा लाडू, चिक्की, उकडलेला बटाटा आणि मीठ, केळं. जे सरावात पचलं तेच शर्यतीत खा.
- पिशवीत वारा-पाऊस अडवणारं जाकीट, डोक्याला बांधायची बॅटरी, शिटी, ओआरएस आणि चार्ज केलेला मोबाईल ठेवा.
- एकूण अंतराचा विचार करू नका. पुढचा थांबा किती लांब, एवढंच बघा.
- चक्कर, थंडीने थरथर, बोलणं अडखळणं, गोंधळल्यासारखं होणं, यातलं काहीही झालं तर थांबा आणि मदतनीसाला सांगा. दुसरा धावपटू अशा स्थितीत दिसला तर त्याच्याजवळ थांबा. आपली वेळ गेली तरी चालेल.

९. वर्गातील उपक्रम

१. नाडी मोजणे : मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंदांचे ठोके मोजा, ४ ने गुणा. बसलेले असताना, मैदानाच्या एका फेरीनंतर लगेच आणि पाच मिनिटांनी, असे तीन आकडे वहीत लिहा. स्तंभालेख काढा. आकडे एकमेकांशी स्पर्धेसाठी वापरू नका.

२. वेग काढणे : शाळा ते घर अंतर आणि लागणारा वेळ यावरून आपला सरासरी वेग काढा. गॉर्डीच्या वेगाशी तुलना करा.

३. पिशवी भरणे : गटाला दहा वस्तूंची चित्रं द्या. जंगलवाटेसाठी पाचच निवडायच्या आणि कारण सांगायचं.

४. चर्चा : "मध्येच थांबणं म्हणजे हरणं का?" प्रत्येक मुलाला बोलू द्या. लगेच उत्तर सांगू नका.

५. वर्गातला थांबा : आठवड्यातून एकदा, चालू पाठाच्या मध्यावर, दहा मिनिटं शिकवणं बंद. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं : समजलं ते, अडलं ते, आणि "पुढे जाऊ का?" याचं हो किंवा नाही. चिठ्ठीवर नाव लिहिण्याची सक्ती नको.

हा पाचवा उपक्रम पालकांनाही घरी करता येईल. रात्री जेवताना "किती मार्क पडले?" याच्या आधी एकदा "दमलास का रे?" किंवा "दमलीस का गं?" एवढंच विचारून बघा. आणि उत्तर "हो" आलं, तर त्या दिवशी गृहपाठाची वही थोडी उशिरा उघडली तरी चालेल.

आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी चर्चेत काय उत्तरं दिली ते जरूर कळवा. मुलं बऱ्याचदा आपल्यापेक्षा नेमकं बोलतात.