डोळे धूसर, कानशील लख्ख

प्रश्न : धानोऱ्याजवळ मोहफुलं वेचणाऱ्या आजींचा फोटो काढला. मधल्या बिंदूने डोळ्यांवर फोकस धरून कॅमेरा बाजूला वळवला. डोळे धूसर आले, कानशिलावरचे केस मात्र लख्ख! लेन्स बिघडली का?
– एक वाचक, धानोरा (जि. गडचिरोली)

उत्तर : लेन्स ठणठणीत असावी. फोकसचं प्रतल सेन्सरला समांतर असतं. कॅमेरा वळला की तेही फिरतं. आजी १ मीटरवर आणि कॅमेरा १५ अंश वळला, तर फोकस डोळ्यांमागे सुमारे ३.४ सेंमी सरकतो. फुल फ्रेमवर ५० मिमी लेन्स, एफ १.८ : पुढची स्पष्टता जेमतेम २ सेंमी. मग डोळे सुटणारच. फोकस बिंदूच डोळ्यावर न्या. ते जमत नसेल तर एफ ५.६ ठेवा, तेवढ्यात निभावतं. लांबच्या जंगलदृश्यात मात्र खुशाल वळवा.