‘गॉसिप’ आणि विचारपूस



‘गॉसिप’ हा शब्द आता आपल्या मराठी बोलण्यातही रुळला आहे. मात्र मराठीत त्याला एकच शब्द नाही. प्रसादानंतर रंगतात त्या गप्पा. पाठीमागे दोष काढणे ही कुचाळकी. एकाचे बोलणे दुसऱ्याला जाऊन सांगणे ही चहाडी. शहानिशा न करता उठवली ती आवई.

इंग्रजी शब्दाचे मूळ फार सोज्वळ आहे. जुन्या इंग्रजीत ‘गॉडसिब’ म्हणजे बाळाच्या बाप्तिस्म्याला उभे राहणारे धर्माचे आप्त. पुढे बाळंतिणीजवळ जमणाऱ्या मैत्रिणींनाही ‘गॉसिप’ म्हणू लागले. फुकाच्या गप्पा हा अर्थ नंतर चिकटला. अमेरिकेत याच अर्थी ‘स्कटलबट’ असेही म्हणतात. तो मुळात जहाजावरचा पिण्याच्या पाण्याचा पिंप. खलाशी तिथे जमत आणि बातम्या चघळत. आपला पाणवठाच म्हणा ना!

गीतेच्या सोळाव्या अध्यायात अहिंसा आणि सत्य यांच्या जोडीला ‘अपैशुन’ हा दैवी गुण सांगितला आहे. अपैशुन म्हणजे चहाडी न करणे. सतराव्या अध्यायात वाणीचे तप येते. बोलणे खरे हवेच. शिवाय ते प्रिय, हितकर आणि कुणाला न बोचणारे हवे. म्हणजे “मी खरे तेच सांगितले” एवढ्याने भागत नाही.

मग कुणाची अडचण कळली तर गप्प बसावे का? मुळीच नाही. मी मनाला एकच प्रश्न विचारते: ज्याला सांगते आहे, तो मदत करू शकेल का? शेजारच्या आजींचे डोळ्याचे ऑपरेशन आहे, हे गाडीने ने-आण करू शकणाऱ्याला सांगणे ही विचारपूस. तेच “मुलगा फिरकलासुद्धा नाही” अशी फोडणी देऊन चौघींना फोनवर सांगणे ही कुचाळकी.

परदेशात आपली माणसे मोजकी. बातमी लगेच घरोघरी पोहोचते. त्या धास्तीने काही ज्येष्ठ मंडळी औषधांचा खर्च आणि एकटेपणा लपवतात, मदत मागायला कचरतात.

म्हणून विनंती, अशी अडचण कळल्यास त्या व्यक्तीला विचारून ती फक्त साहाय्य समितीच्या कानावर घालावी. नाव समितीबाहेर जाणार नाही. ज्यांना शक्य आहे, त्यांनी साहाय्य निधीला यथाशक्ती हातभार लावावा. अडल्यावेळी जवळ उभे राहणारे ते ‘गॉसिप’ आपण पुन्हा होऊ या.

॥ शुभं भवतु ॥