एसएसडी निवडताना: आधी बसेल का, मग टिकेल का, मग धावेल किती



सुट्टीवरून परतल्यावर संगणक प्रयोगशाळेत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "सर, घरचा लॅपटॉप फार हळू चालतो. नवा घ्यावा का?" माझे उत्तर बहुतेक वेळा एकच असते: आधी त्यात कोणती डिस्क आहे ते पाहा. लॅपटॉप हार्ड डिस्कवर चालत असेल, तर नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा भागात तो पुन्हा कामाचा होऊ शकतो. मात्र एसएसडी नीट निवडायला हवी.

हळूपणाचे मूळ समजून घेऊ. लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात, म्हणून चाक फिरत राहते आणि आपण बघत बसतो. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही. माहिती फ्लॅश चिपमध्ये असते आणि ती साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी बदली होते आणि लॅपटॉप ट्रंका-पेट्यांबरोबर देशभर फिरतो. त्या धक्क्यांनाही एसएसडी अधिक चांगली तोंड देते.

आता निवड. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत वेग छापलेला असतो. मी मात्र वेगाचा प्रश्न शेवटी ठेवायला सांगतो.

पहिला प्रश्न: बसेल का?

रेकी केल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, हे तुम्हाला सांगायला नको. एसएसडी मुख्यतः दोन आकारांत मिळते. एक अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची सॅटा एसएसडी. ती जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसते. दुसरी एम.२, च्युइंगमच्या पट्टीसारखी. तिच्यावर २२८० लिहिले असेल तर रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. काही लॅपटॉपमध्ये फक्त २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते.

येथे एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. एम.२ हे आकाराचे नाव आहे, वेगाचे नाही. सारख्याच दिसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक सॅटा आणि दुसरी एनव्हीएमई असू शकते, आणि लॅपटॉपचा स्लॉट दोन्ही प्रकार चालवेलच असे नाही. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या आणि स्लॉटचा प्रकार, लांबी व पिढी वहीत लिहा. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच डाखलेली असते. तेथे बदल शक्य नसतो.

दुसरा प्रश्न: टिकेल का?

फ्लॅश चिपच्या एका पेशीत किती बिट साठवायचे, यावर टिकाऊपणा बराच अवलंबून असतो. टीएलसी प्रकारात एका पेशीत ३ बिट, म्हणजे विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीमध्ये ४ बिट, म्हणजे १६ पातळ्या. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितके लिहिणे हळू आणि झीज लवकर. क्यूएलसी स्वस्त पडते ती याच कारणाने.

ही झीज मोजण्यासाठी कंपनी टीबीडब्ल्यू हा आकडा देते: वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील. क्रूशल पी३ या १ टीबीच्या क्यूएलसी एसएसडीला तो २२० आहे, तर डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० या १ टीबीच्या टीएलसी एसएसडीला ६००. दोन्हींची वॉरंटी ५ वर्षे.

आता गणित करू. घरच्या वापरात रोज २० जीबी लिहिले गेले असे धरा. वर्षाला सुमारे ७.३ टीबी होतात. २२० भागिले ७.३ म्हणजे ३० वर्षे! मग चिंता कशाची? एसएसडी झिजून संपण्याआधी तिचा कंट्रोलर किंवा फर्मवेअर बिघडू शकते, आणि ते कोणत्याही टीबीडब्ल्यूमध्ये दिसत नाही. म्हणून मी मोठ्या टीबीडब्ल्यूपेक्षा या गोष्टींना महत्त्व देतो: नावाजलेली कंपनी, ५ वर्षांची वॉरंटी, अधिकृत विक्रेत्याचे पक्के बिल आणि चिपचा प्रकार स्पष्ट सांगणारे माहितीपत्रक.

किरकोळ किमतीत १६ टीबी देऊ करणाऱ्या बाह्य एसएसडीपासून दूरच राहा. अशा बनावट वस्तू संगणकाला खोटी क्षमता सांगतात. खरी जागा भरली की जुनी माहिती पुसली जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. उलट १ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

तिसरा प्रश्न: धावेल किती?

सॅटा एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो. तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई सुमारे ३५०० आणि चौथ्या पिढीची ७००० पर्यंत. पण हे आकडे सलग मोठी फाइल वाचतानाचे आहेत. प्रकल्प लिहिणे, ब्राउझर उघडणे या कामांत छोट्या, विखुरलेल्या फाइली वाचल्या जातात. त्यामुळे हार्ड डिस्ककडून कोणत्याही एसएसडीकडे जाताना जो फरक जाणवतो, त्याच्या तुलनेत सॅटाकडून एनव्हीएमईकडे जाताना फारच थोडा जाणवतो. शिवाय स्लॉट तिसऱ्या पिढीचा असेल तर चौथ्या पिढीची एसएसडी चालेल, पण तिसऱ्या पिढीच्याच वेगाने. जादा पैसे वाया.

स्वस्त एसएसडी सुरुवातीला झपाट्याने लिहितात आणि राखीव कॅशे भरली की एकदम मंदावतात. सुट्टीतले शेकडो जीबींचे व्हिडिओ एकदम कॉपी करायचे असतील तर क्यूएलसी टाळावी. नेहमीच्या अभ्यासासाठी ५०० जीबीची टीएलसी एसएसडी पुरेशी आहे.

शेवटची आणि सर्वांत मोलाची सूचना. हार्ड डिस्क पुष्कळदा मरण्याआधी कुरकुरते. एसएसडी एखाद्या सकाळी न सांगता दिसेनाशी होऊ शकते. पुसलेल्या फाइलींच्या जागा ट्रिम नावाची सोय आतून मोकळ्या करते, त्यामुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळणेही अवघड. जुनी हार्ड डिस्क काढल्यावर ती भंगारात टाकू नका. चालू असेल तर खोक्यात बसवून बॅकअपसाठी वापरा. महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि फोटोंची तिसरी प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर ठेवा. एसएसडी बदलण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, आणि वॉरंटी चालू असेल तर आधी सेवा केंद्राला विचारा.

पुढच्या सुट्टीत घरी गेलात की वहीत तीन ओळी लिहून आणा: स्लॉट कोणता, लांबी किती, आणि बॅकअप कुठे आहे. तिसरी ओळ कोरी असेल, तर नव्या एसएसडीचा विचार करण्याआधी ती भरा.