एकसारखी घरे

तारळी नदी जेथे कृष्णेला मिळते, तेथे उंब्रज हे गाव वसलेले आहे. या कृष्णाकाठची जुनी घरे मुलांनी एकदा लक्षपूर्वक पाहावीत. दगडी जोते, त्यावर ओटा, आत सोपा, मग माजघर आणि मागे परडे, अशी त्यांची साधारण ठेवण असते. तरीही कोणतेही घर शेजारच्या घराची नक्कल वाटत नाही. कोणाच्या दारावरील गणेशपट्टी नक्षीदार असते, तर कोणाचा ओटा वाटसरूला घटकाभर टेकता यावे एवढा रुंद असतो. भिंती दीड-दोन हात जाड, म्हणून त्यांत कोनाडे ठेवता येत. दाराजवळचा कोनाडा दिव्यासाठी, तर चुलीजवळचा मिठाच्या बरणीसाठी. नक्षी सोडली, तर यांतील बहुतेक गोष्टी गरजेतून आलेल्या होत्या.

आता गावोगावी बिल्डरने एकाच नकाशावर बांधलेल्या घरांच्या ओळी उभ्या राहत आहेत. दार, खिडकी, फरशी, रंग, सारे एका साच्यातले. त्यांची निंदा करण्याचे कारण नाही. ही घरे कोरडी व उजेडाची असतात आणि पाण्यासाठी कोणाला डोक्यावर घागर घेऊन नदीवर जावे लागत नाही. परंतु शाळेतून परतणाऱ्या लहानग्याला आपले घर ओळखण्यासाठी दारावरचा आकडा वाचावा लागावा, हे काही बरे नव्हे.

अशा घराला स्वतःचा चेहरा कसा द्यावा? शोभेच्या वस्तू आणून भिंती भरल्या, तर शेजारीही त्याच दुकानातून त्याच वस्तू आणतो. त्यापेक्षा घरात कोण राहते आणि दिवसभर काय करते, हे आधी पाहावे. आजोबा संध्याकाळी दाराशी बसत असतील, तर पायरीच्या बाजूला दगडी कट्टा बांधावा. पश्चिमेची खिडकी दुपारनंतर तापत असेल, तर तिच्यापुढे मांडव घालून वेल चढवावा. नव्या घराची भिंत बारीक असते, तीत कोनाडा बसत नाही. तेथे आजीच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर सागवानी फळी लावावी.

जुन्या वाड्याची चौकट पडून असेल, तर तीही नव्या दाराला बसवता येते. मात्र जुनी दारे ठेंगणी असत. आत शिरताना माणसाला वाकावे लागे. नव्या घरात दारासाठी सोडलेली जागा उंच असते. म्हणून वर उरलेल्या भागात लाकडी जाळी बसवावी, म्हणजे वाराही खेळता राहतो. पितळी घंगाळ बैठकीच्या खोलीत मांडण्याची हल्ली पुष्कळांना हौस आहे. हौस चांगलीच, पण ते घासणार कोण, हे आधी ठरलेले बरे.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. खोली मोठी दिसावी म्हणून खांब किंवा तुळई फोडू नये. काँक्रीटच्या चौकटीवर उभ्या असलेल्या घराचा सारा भार त्यांच्यावरच असतो. याच सातारा जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झाले. ज्या मुलखात धरणी हलते, तेथे घराच्या शोभेआधी त्याच्या बळाचा विचार करावा लागतो.

असाच, परंतु याहूनही भीषण प्रसंग ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे मराठवाड्यात किल्लारीच्या परिसरात ओढवला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे त्यांखाली सापडून मृत्यू पावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. ज्याची जमीन जेवढी, त्या मानाने २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. रस्ते सरळ, ओळी सारख्या. घरे मजबूत होती, तथापि पुष्कळ ठिकाणी त्यांना ना ओसरी होती, ना आडोशाचे अंगण.

मग लोकांनीच हात घातला. कोणी घरापुढे पत्र्याची पडवी काढली, कोणी भिंत घालून अंगण केले, कोणी झाडे लावली. पडलेल्या घरांतून वाचलेले लाकूड काहींनी याच कामी आणले. नकाशात ज्या जागेला नावही नव्हते, तेथे गुरे बांधली जाऊ लागली, धान्य निवडले जाऊ लागले आणि शेजारीपाजारी बोलावयास येऊ लागले.