परसबागेची चैत्रातली कामे : काळजी आणि पहिला उपाय

होळी झाली की थंडी सरते. हरभरा, गहू घरात येतो, शेतातली धावपळ थोडी कमी होते आणि घरातल्या बायामाणसांचे लक्ष परसाकडे वळते. जानेफळ, मेहकर, लोणार या आपल्या भागात बहुतेक घरांच्या मागे किंवा बाजूला थोडीतरी मोकळी जागा असते. तिथला पसारा आवरायचा, माती खणून शेणखत मिसळायचे, भेंडी, गवार, चवळी, ढेमसे लावायचे, दोडक्या-कारल्याचे वेल चढवायचे, सांबाराचा आणि पालकाचा एकेक वाफा टाकायचा, अशी कामे फाल्गुन-चैत्रात निघतात.

ही कामे अवश्य करावीत. घरच्या पालेभाजीतून लोह, फॉलिक अॅसिड आणि अ जीवनसत्त्व मिळते. भाजीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह शरीरात अधिक शोषले जाते. रक्त कमी असलेल्या मुलींना आणि गरोदर बायांना गोळ्यांसोबत परसातली भाजी रोज मिळाली, तर फायदाच होतो. शिवाय वाकणे, उठणे, पाणी वाहणे यात शरीराला व्यायाम घडतो.

मात्र याच दिवसांत दवाखान्यात ठरावीक तक्रारींचे रुग्ण वाढतात. कुणाला विंचू चावलेला असतो, कुणाच्या पायात काटा किंवा हाताला खुरपे लागलेले असते, कुणाला फवारणीनंतर मळमळते, कुणाला उन्हात चक्कर आलेली असते. यातले बहुतेक बरे होतात. ज्यांच्या जिवावर बेतते, त्यांच्यापैकी पुष्कळांचे पहिले काही तास घरगुती उपायांत नाहीतर मांत्रिकाकडे गेलेले असतात. म्हणून आज एकेक काम घेऊन त्यातली काळजी आणि पहिला उपाय पाहू.

पसारा आवरताना : विंचू

परसात पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग असतो, गोवऱ्यांचा हुडवा असतो, जुनी कवेलू आणि विटा पडलेल्या असतात. वर्षभर न हललेला हा पसारा विंचवांचे आवडते घर आहे. उन्हाळा वाढू लागला की विंचू अधिक बाहेर पडतात. ढीग हलवण्यापूर्वी लांब काठीने चांगला हलवून घ्यावा. उघड्या हाताने खालून पऱ्हाटी ओढू नये. पायात बूट आणि हातात जाड हातमोजे असावेत. हातमोजे नसतील तर गोणपाट हाताला गुंडाळावे. बाहेर राहिलेली चप्पल किंवा बूट झटकल्याशिवाय घालू नये.

मोठा काळा विंचू पाहून लोक फार घाबरतात. खरा धोका लहान, तांबड्या विंचवाचा आहे. त्याच्या विषामुळे शरीरात अॅड्रिनलिनसारखी द्रव्ये एकदम सुटतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि पुढे फुप्फुसात पाणी साचून माणूस दगावू शकतो. लहान मुलांना हा धोका सर्वांत जास्त असतो.

या विषावरचा उपचार महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टरांनी जगापुढे मांडला. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या महाड येथे काम करताना प्राझोसिन हे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरले. त्यांचा याविषयीचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यानंतर विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. २०११ साली त्यांनीच प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, हे दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

घरच्यांनी ओळखायचे काय? नुसती दंशाच्या जागी ठणकणारी कळ असेल, तर बहुधा धोका कमी असतो. उलट कळ बेताची, पण दरदरून घाम, वारंवार उलटी, हातपाय थंड, छातीत धडधड अशी लक्षणे दिसली तर विष शरीरात भिनले आहे असे समजावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. कळेवर कापडात गुंडाळलेला बर्फ लावायला हरकत नाही. दंशाची जागा कापू नये, पिळू नये, डागू नये. मूल असेल तर लक्षणांची वाटच पाहू नये. प्राझोसिनची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्याने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

साप

ज्या ढिगात उंदीर, तिथे साप येणारच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. आपल्याकडे मिळणारी प्रतिलस या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून किंवा पकडून दवाखान्यात आणण्याची गरज नाही. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

दंश झाल्यावर रुग्णाला धीर द्यावा. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी, करदोडा काढावा. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी पट्टी-काठी लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवावा. दोरीने आवळून बांधू नये. त्याने तो अवयवच निकामी होण्याची भीती असते. रुग्णाला चालत किंवा पळवत नेऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तिला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे.

मांत्रिकाकडे नेलेले लोकही बरे होतात, असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे आहे, पण त्याचे कारण मंत्र नव्हे. चावणाऱ्या सापांत बिनविषारी साप बरेच असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. अशी माणसे काही न करताही वाचली असती. ज्याला खरोखर विष भिनले आहे, त्याचा मात्र मांत्रिकाच्या दारात वेळ जातो. मण्यारीच्या दंशात तर कळ आणि सूज जवळजवळ नसते. पापण्या जड होणे, गिळायला व बोलायला त्रास होणे हीच तिची खूण.

माती खणताना : धनुर्वात

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात सुप्त अवस्थेत वर्षानुवर्षे टिकतात. खुरपे लागले, गंजलेला खिळा किंवा बाभळीचा काटा खोल रुतला की त्यांना आत शिरायला वाट मिळते. जखम किती मोठी यापेक्षा ती किती खोल आणि मळकट आहे, हे महत्त्वाचे. साधारण तीन दिवस ते तीन आठवड्यांत जबडा आखडू लागतो, गिळता येत नाही, मग सारे अंग ताठते. एकदा हा रोग झाला की मोठ्या रुग्णालयातही जीव वाचवणे अवघड जाते. टाळणे मात्र अगदी सोपे आहे.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटे धुवावी. तिच्यावर शेण, माती, चुना, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. नंतर लसीचा हिशेब करावा. लहानपणी लसी पूर्ण झाल्या असतील, तर दर दहा वर्षांनी एक मात्रा पुरते. जखम मळकट असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी. पूर्वीच्या ‘टीटी’च्या जागी आता ‘टीडी’ ही लस मिळते. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण असते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मुलांना लस मिळते, गरोदर बायांना मिळते. राहतात ते चाळिशी-पन्नाशीचे पुरुष आणि घरातल्या वृद्ध बाया. कुदळ-खुरपे तर त्यांच्याच हातात असते! त्यांनी शेवटची लस कधी घेतली ते आठवून पाहावे. आठवत नसेल तर जखम होण्याची वाट न पाहता ती घ्यावी. मधुमेह्यांनी तर परसात अनवाणी पाऊलच टाकू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतलेला कळत नाही आणि आठवड्याने पू झाल्यावर पाय दाखवायला येतात.

भाजीवर फवारताना

कपाशीवर फवारून उरलेले औषध घरच्या वांग्यावर मारणे, ही आपल्याकडची फार वाईट सवय आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. कपाशीचे बोंड कुणी खात नाही. परसातले वांगे मात्र दुसऱ्या दिवशी घरातले लेकरू खाते.

परसबागेला निंबोळीचा अर्क पुरतो. वाळलेल्या निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम या मापाने रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी कापडातून गाळून, थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. कीटकनाशक थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये.

विषबाधा झाली तर लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी येते, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, दम लागतो. कपडे काढून अंग साबणाने धुवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत आणावे. त्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

पाणी आणि ऊन

परसातली कामे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर करावीत. डोक्याला उपरणे किंवा दुपट्टा असावा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट घ्यावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी यासाठी आपल्या डॉक्टरांना विचारावे. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

बागेसाठी भरलेल्या टाक्या आणि हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावेत. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. नालीचे पाणी भाजीला देऊ नये. मेथीचा घोळाणा, मुळा, सांबार आपण कच्चे खातो. जंत आणि विषमज्वर याच वाटेने घरात येतात.

घरात लिहून ठेवा

१) घरातल्या प्रत्येकाच्या धनुर्वात लसीची तारीख.
२) रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आणि गावातल्या एका वाहनवाल्याचा क्रमांक.
३) सर्पदंशाची प्रतिलस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, याची माहिती. ही चौकशी आजच करावी. दंश झाल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही.

एवढे करून खुशाल वाफे टाका. पाडव्याला कडुनिंब खाताना यंदा निंबोळ्या गोळा करायचे ठरवा. पुढच्या वर्षीची फवारणी त्यातूनच होईल.